छापील पानावरील डागाचे मूळ (लेखांक ६)

संगणकाने दिलेला छपाईचा आदेश प्रिंटरपर्यंत पोहोचतच नाही, अशा बिघाडांचा विचार मागील लेखांकात झाला. त्यापुढची अवस्था अशी की आदेश पोहोचतो, कागदही हलतो, पण पान डागाळलेले, फिकट किंवा चुरगळलेले बाहेर येते. बहुतेक कार्यालयांत अशा वेळी आधी कार्ट्रिज बदलले जाते आणि डाग तसाच राहिला की दुसरे मागवले जाते. वास्तविक दोष कुठे उपजला याचा पुरावा त्या बिघडलेल्या पानावरच असतो, आणि ते पान चोळामोळा करून टोपलीत टाकल्याने तो पुरावाच नाहीसा होतो.

हा पुरावा वाचण्यासाठी लेझर प्रिंटरची कार्यपद्धती ठाऊक असावी लागते. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात स्थिर विजेच्या साहाय्याने कोरडी प्रत काढण्याचा जो प्रयोग यशस्वी केला, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. ड्रम या प्रकाशसंवेदी नळकांड्यावर प्रथम सर्वत्र सारखा विद्युतभार चढवला जातो. लेझरचा किरण जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि तिथे टोनर, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक भुकटी, चिकटते. ती भुकटी कागदावर ओढली जाते आणि शेवटी फ्यूजर हा तापलेला भाग दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेने व दाबाने तिला कागदावर पक्की करतो.

या साखळीतील बहुतेक भाग गोल फिरणारे असल्यामुळे त्यांपैकी एखाद्यावर चरा पडला, तर त्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक कागदावर एकच खूण ठरावीक अंतराने उमटते, आणि ते अंतर त्या भागाच्या परिघाइतके असते. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परिघ सुमारे ९४ मिलिमीटर भरतो, २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा सुमारे ७५. म्हणून साध्या पट्टीने एका डागाच्या वरच्या कडेपासून पुढच्या डागाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील तक्त्याशी ताडून पाहावे. अंतर फ्यूजरच्या रोलरशी जुळले, तर नवे कार्ट्रिज घेणे हा निव्वळ पैशांचा अपव्यय आहे, कारण फ्यूजर कार्ट्रिजमध्ये नसतोच.

सगळे पानच फिकट येत असेल, तेव्हा मोजायला काही नसते. तिथे छपाई अर्ध्यावर असताना झाकण उघडून यंत्र थांबवण्याची चाचणी उपयोगी पडते. ड्रमच्या ज्या भागावरील मजकूर अजून कागदावर उतरलेला नाही, तिथे अक्षरे ठसठशीत दिसली, तर दोष त्यापुढच्या टप्प्यात, म्हणजे टोनर कागदावर ओढणाऱ्या रोलरमध्ये किंवा खुद्द कागदात, शोधावा; तिथेच अक्षरे पुसट असतील, तर टोनर, ड्रम आणि लेझरच्या मार्गातील धूळ तपासावी. ड्रमला उजेड फार काळ सोसत नाही आणि फ्यूजर भाजतो, एवढे भान मात्र ठेवावे.

कागद अडकल्याची सूचना ही प्रत्यक्षात बहुधा वेळेबद्दलची तक्रार असते : कागदाची पुढची कड नेमलेल्या क्षणी सेन्सरपाशी आली नाही की यंत्र थांबते. त्यामुळे कागद ओढून काढण्यापूर्वी ती कड कुठे थांबली आहे, हे पाहणे सर्वांत मोलाचे. ती ट्रेच्या तोंडाशीच असेल, तर कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवर कागदाची धूळ बसून तो गुळगुळीत झाला असण्याचा संभव मोठा असतो, आणि अशा वेळी किंचित ओलसर, धागे न सोडणाऱ्या कापडाने तो पुसल्यासही अनेकदा काम भागते.

कड फ्यूजरपाशी वळलेली सापडली आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर कागदावर संशय घ्यावा. मुंबईत व कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली ओल कागदात सहज मुरते. असा कागद फ्यूजरच्या उष्णतेत आकसून वळतो, शिवाय ओलीमुळे त्यावरचा विद्युतभार निसटून छपाईही फिकट होते. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोदा यांच्याशी जोडली जाणारी, 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची पद्धत इथे नेमकी लागू पडते. कागद का अडकला? वळला म्हणून. का वळला? ओल होती म्हणून. ओल का होती? रीम उघडी होती म्हणून. उघडी का होती? दोन ट्रे भरण्यासाठी चार रिमा एकदम फोडल्या म्हणून. एकदम का फोडल्या? स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे असते आणि तो रजेवर जाणार होता म्हणून. तेव्हा दुरुस्तीची सुरुवात किल्लीची दुसरी प्रत करण्यापासून होते. त्याबरोबरच रिमेचे ओलरोधक वेष्टन गरजेपुरतेच फोडून उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा लागतो, आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी नव्या, कोरड्या रिमेतील वीस-पंचवीस पाने छापून पाहावी लागतात.