सात ते साडेआठ

चिंचपोकळीच्या जुन्या चाळींत दीड-दोनशे चौरस फुटांची एकच खोली. आजीची मालिका, ताईचा अभ्यास आणि दोन वर्षांच्या बाळाचा वरणभात तिथे एकाच वेळी चालतो. ‘मुलाच्या खोलीत टीव्ही नको’ हा सल्ला इथे कुचकामी, कारण मुलाची खोली म्हणजेच अख्खं घर.

धोका मात्र खरा आहे, आणि तो नुसता डोळ्यांचा नाही. अमेरिकेतल्या दिमित्री ख्रिस्ताकिस यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या अंगावरच्या छोट्या ध्वनिमुद्रकांनी घरातलं बोलणं टिपलं होतं. टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द मुलाच्या कानी कमी पडत होते.

मग टीव्हीतलं बोलणं ती तूट भरून काढत नाही का? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून कुणी वाचलं, खेळवलं, ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तेच डीव्हीडीवर पाहिलेली काहीच शिकली नाहीत. बाळ हुंकार देतं, समोरचा उत्तर देतो, या देवघेवीतून भाषा रुजते. चाळीच्या गॅलरीत येता-जाता बाळाशी बोलणारे शेजारी म्हणूनच मला फार मोलाचे वाटतात.

खोली वेगळी करता येत नसेल, तर वेळ वेगळी काढावी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हेच केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाइल बंद राहतात. बंदी मुलांपुरती नाही, मोठ्यांनाही आहे, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर दिवस आखणाऱ्या चिंचपोकळीच्या वस्तीला ही कल्पना परकी वाटू नये. सगळी चाळ तयार होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. एका घराने बाळाच्या जेवणापुरता टीव्ही बंद ठेवला, तरी सुरुवात होते. चार दिवस मूल रडेल, दोन घास कमी खाईल, तेवढं सोसावं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या मते दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. अगदी तान्ह्यांसाठीही एक सवलत आहे: नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल. गावचे आजोबा पडद्यावर असले, तरी नातवाच्या हुंकाराला ते उत्तर देतात.