नॉर्वेतील ख्रिस्ती जनपक्ष : तत्त्वनिष्ठा आणि सत्ता

युरोपातील ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष म्हटले की अभ्यासकापुढे प्रथम जर्मनी व इटली हे देश उभे राहतात. तेथे या विचाराला कॅथलिक समाजाचे मोठे पाठबळ लाभले. नॉर्वे हा मात्र धर्मसुधारणेच्या काळापासून लूथरपंथी देश. राजा हा चर्चचा प्रमुख आणि धर्मोपदेशक हा शासनाचा अधिकारी, अशी तेथील दीर्घ परंपरा. जेथे चर्चच शासनाच्या छत्राखाली होते, तेथे ख्रिस्ती म्हणविणारा निराळा पक्ष कशाला निघावा? या प्रश्नाचे उत्तर चर्चमध्ये नव्हे, तर गावोगावच्या साध्या प्रार्थनागृहांत शोधावे लागते.

हान्स निल्सेन हाउगे (१७७१–१८२४) या शेतकऱ्याच्या मुलाने देशभर हिंडून प्रवचने केली. धर्मोपदेशकाच्या अनुज्ञेवाचून धर्मसभा भरविण्यास १७४१ च्या फर्मानाने मनाई होती. तीमुळे हाउगेला अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. हे फर्मान १८४२ मध्ये रद्द झाले. त्याच्या प्रेरणेतून वाढलेली सामान्य जनांची धर्मचळवळ पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर विशेष रुजली. मद्यपानविरोधी चळवळ बळावली ती त्याच भागात. आणि ग्रामीण बोलींच्या आधारे इवार ओसेन याने घडविलेली नवी लेखनभाषाही मुख्यतः पश्चिमेकडेच टिकली. स्टाइन रोकान या राज्यशास्त्रज्ञाने या तीन प्रवाहांकडे राजधानीच्या नागर वर्चस्वाला विरोध करणाऱ्या 'प्रतिसंस्कृती' म्हणून पाहिले. हे विवेचन अद्यापि ग्राह्य वाटते, कारण केवळ बायबलनिष्ठेने या पक्षाच्या मतांचा नकाशा उलगडत नाही.

प्रारंभी या तिन्ही प्रवाहांना व्हेन्स्त्रे या उदारमतवादी पक्षात आसरा होता. १९१९ च्या सार्वमताने मान्य झालेली दारूबंदी १९२६ च्या सार्वमताने उठली, आणि धर्मनिष्ठ मंडळींना जुन्या घराचा भरवसा वाटेनासा झाला. १९३३ मध्ये पश्चिमेकडील हॉर्डालान जिल्ह्यात ख्रिस्ती जनपक्ष स्थापन झाला व त्याच वर्षी निल्स लाविक हा त्याचा एकमेव प्रतिनिधी संसदेत गेला. महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, देशव्यापी निवडणूक लढवून पक्षाने ८ जागा मिळविल्या.

पुढे हा लहान पक्ष तीनदा पंतप्रधानपदापर्यंत पोचला. १९७२ च्या सार्वमतात युरोपीय समुदायातील प्रवेश नाकारला गेल्यावर लार्स कोरवाल याने सुमारे वर्षभर अल्पमतातील सरकार चालविले. १९९७ मध्ये पक्षाला १३.७ टक्के मते व २५ जागा मिळाल्या. स्वतः दीक्षित धर्मोपदेशक असलेला शेल माग्ने बोन्देविक १९९७ ते २००० व २००१ ते २००५ या काळात पंतप्रधान होता. शासकीय अनुदानाच्या पाळणाघराचा लाभ न घेणाऱ्या, लहान मुलांच्या आईबापांना रोख साहाय्य देण्याची १९९८ ची योजना ही या पक्षाची ठळक खूण होय.

परंतु सत्तेपेक्षा नकाराचा इतिहास अधिक बोलका आहे. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताचा निर्णय स्त्रीवर सोपविणारा कायदा १९७८ मध्ये झाला. १९८१ मध्ये कोरे विलोक याचे सरकार आले तेव्हा, केवळ हा कायदा कायम राहणार म्हणून, पक्ष मंत्रिमंडळाबाहेर राहिला. दोनच वर्षांनी तो आत गेला. कायदा होता तेथेच होता.

हीच कोंडी २०१८ मध्ये नव्या रूपाने उभी राहिली. पक्षनेता क्नुट अरिल हाराइडे याने डाव्या पक्षांशी सहकार्य करावे असे सुचविले. त्या वर्षी नोव्हेंबरात भरलेल्या विशेष अधिवेशनाने मात्र ९८ विरुद्ध ९० मतांनी एर्ना सोलबर्ग हिच्या उजव्या सरकारची वाट धरली. दारिद्र्यनिवारण व परदेशसाहाय्य यांत ख्रिस्ती कर्तव्य पाहणारे आणि कुटुंब व गर्भ यांच्या रक्षणात ते पाहणारे, असे दोन गट एकाच पक्षात किती समतोल होते, हे त्या आठ मतांनी दाखविले. जानेवारी २०१९ मध्ये पक्ष सरकारात गेला.

त्याची किंमत २०२१ मध्ये कळली. संसदेच्या १६९ जागांपैकी १९ जागा प्रमाण साधण्यासाठी राखलेल्या असतात व देशात किमान ४ टक्के मते मिळविणाऱ्या पक्षांनाच त्यांत वाटा मिळतो. पक्षाला ३.८ टक्के मते पडली आणि हाती केवळ ३ जागा उरल्या. जून २०२५ पासून गर्भपाताची मुदत अठरा आठवड्यांपर्यंत वाढली. त्याच वर्षी सप्टेंबरात पक्षाने ४.२ टक्के मते मिळवून तो उंबरठा पुन्हा ओलांडला, आणि त्याच्या जागा ३ वरून ७ झाल्या.