पहिला मुक्काम तीस किलोमीटरच्या आत

सायकलवर मुक्कामी फिरायला निघायचं म्हटलं, की बोलणं हमखास महागड्या सायकलीवर आणि लेह-लडाखवर येतं. वडूजसारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाला मग हा आपला प्रांतच नव्हे असं वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नवशिक्याला वडूजभोवतीच्या खटाव-माणसारखा सोयीचा मुलूख क्वचितच मिळेल. सुरुवात घरातल्याच सायकलीवर आणि तीस किलोमीटरच्या आत एक रात्र काढून करावी. थॉमस स्टीव्हन्स 1884 ते 1886 या काळात ज्या उंच चाकाच्या सायकलवर जगभर फिरला, तिला साखळीसुद्धा नव्हती. 1923 मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. गिअर बदलायची सोय तर टूर दी फ्रान्समध्येही 1937 पर्यंत चालत नव्हती. गिअर असला तर चढावर गुडघे वाचतात, हे खरंच. पण शिखर शिंगणापूरच्या चढावर उतरून सायकल हातात धरून चाललं, तरी प्रवास प्रवासच राहतो. गिअरपेक्षा आधी ब्रेकचे रबर बदलावेत, कारण मागे ओझं बांधलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही.

हा मुलूख सोयीचा का? पावसाच्या सावलीतला असल्यामुळे रस्ते बराच काळ कोरडे असतात, चढ-उतार बेताचे आहेत आणि पाणी मागायला गाव फार लांब नसतं. वडूजहून पश्चिमेला विसेक किलोमीटरवर औंध आहे. मूळपीठाच्या डोंगरावर यमाई आणि तिथेच बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय. राजा रविवर्म्याची चित्रं पाहायला लोक शहरांत जातात, ती इथे सायकलच्या टप्प्यात आहेत. ईशान्येला तीस किलोमीटरच्या आतच गोंदवलं. तिथे भक्तनिवासात उतरता येतं, प्रसादाचं जेवण मिळतं, म्हणजे पहिल्या खेपेला तंबू आणि स्टोव्ह दोन्ही घरी ठेवता येतात. पंढरीच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं पाल ठोकून राहत आली आहेत, त्यामुळे देवळाच्या ओवरीत एका रात्रीची परवानगी मागणारा पाहुणा इथे कुणाला विचित्र वाटत नाही. मात्र विचारल्याशिवाय कुठेही पथारी टाकू नये, आणि मायणीच्या तलावाकाठी तर नाहीच; तो पक्ष्यांचा निवारा आहे.

उन्हाचा आक्षेप खरा आहे, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. तरीही माणशी चार लिटर पाणी सोबत हवं. हे महिने सोडून पावसाळ्यात निघालंच, तर औंधकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून झोंबतो. परतीचा पाऊस या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरात येतो, त्यामुळे ओढ्याचं वाळू पसरलेलं कोरडं पात्र कितीही मोहात पाडो, तंबू काठावर उंचच लावावा. पण मला सर्वांत गंभीर वाटतो तो वाहतुकीचा मुद्दा. सायकलचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकच असतो. मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत, आणि त्यांच्या मागून येणाऱ्याला सायकलवाला दिसत नाही. यावर धाडस हा उपाय नव्हे. पहाटे नव्हे, उजाडल्यावर निघावं, चारपर्यंत मुक्कामाला पोचावं, गावागावांतून जाणारे आतले रस्ते धरावेत आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावा. बायकांनी, मुलींनी कसं जायचं, हेही विचारलं जातं. दोघी-तिघी मिळून, मुक्काम आधी ठरवून आणि तिथल्या माणसांना कळवून गेलं तर पहिली रात्र ओळखीच्या जागी होते. इतकी मोकळीक त्यांना मिळायलाच हवी.

सामान मागच्या कॅरिअरवर खाली, दोन्ही बाजूंना सारखं बांधावं; पाठीवर सॅक घेतली तर मान आणि कंबर आधी दमते. हातपंप, पाना, सोल्युशन, ठिगळं आणि एक जादा ट्यूब घ्यावी, कारण बाभळीचा काटा या भागात चुकत नाही. पंक्चर काढायला निघण्याआधीच्या रविवारी घरी शिकावं. गोंदवल्याची एक खेप पार पडली की पुढच्या वेळी म्हसवड गाठावं, आणि तंबू त्यानंतरच विकत घ्यावा.