नफा वहीत, रोकड बाजारात!

मालेगाव असो वा भिवंडी, कापडाचे एखादे दुकान बंद पडले की लोक म्हणतात, "मंदीने मारले." आमचा तीस वर्षांचा अनुभव असा की, पुष्कळ दुकाने मंदीने नव्हे, उधारीने बुडतात.

आम्ही स्वतःही एकदा बुडता बुडता वाचलो. वहीत नफा दिसत होता. पण यंत्रमागवाला कारागिरांच्या मजुरीसाठी पैसे मागायला आला, तेव्हा गल्ला रिकामा! घरातले दागिने मोडून आम्ही एतबार राखला. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले.

मोठा हिशेब नको, साधाच करू. समजा, महिन्याची विक्री ४ लाख रुपये आहे आणि गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देते. म्हणजे आपले १२ लाख कायम बाजारात अडकले. माल देणारा आपल्याला ३० दिवस थांबतो, म्हणजे सुमारे ४ लाख त्याचे. उरलेले ८ लाख आपल्या खिशातले किंवा कर्जाचे. हीच उधारी ४५ दिवसांवर आणली, तर बाजारात ६ लाखच अडकतात. एक पैसा कर्ज न काढता ६ लाख मोकळे झाले!

आता बुडीत उधारीचे पाहा. शेकडा ५ नफ्याच्या धंद्यात २ लाख बुडाले, तर ते भरून काढायला ४० लाखांची विक्री करावी लागते. म्हणजे दहा महिन्यांची मेहनत पाण्यात!

म्हणून व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी पाळाव्यात. घराचा खर्च गल्ल्यातून न करता स्वतःला ठरावीक पगार लावावा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उधारीला रकमेची व मुदतीची हद्द घालावी. आणि भाऊ असो वा दोस्त, व्यवहार लिहून ठेवावा. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे आपण विसरतो.

माल तयार करणाऱ्या कारागीर बंधूंनी उद्यम नोंदणी जरूर करावी. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते.

तकादा करण्यात शरम कसली? आपण मागतो ते आपल्याच घामाचे आहे. आणि दुसऱ्याच्या घामाचे पैसे आपणही वेळेवर द्यावेत. धंद्याची बरकत त्यातच आहे.