सल्लागार समितीवर शिक्षक: खुर्ची मिळते, पण ऐकतं कोण?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

नेहमीप्रमाणे सक्करदऱ्यातून बोलतोय. आज बुधवार, बाजाराचा दिवस, त्यामुळे मागं भाजीवाल्यांचा आवाज येईल. चालवून घ्या.

मागच्या आठवड्यात याच बाजारात एक शिक्षिका भेटल्या. राहायला इकडंच, शाळा उमरेड रोडकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेची. हातात पालकाची जुडी घेऊन उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, राज्याच्या एका सल्लागार समितीसाठी माझं नाव मागितलंय. जाऊ काय? आमची दोन शिक्षकी शाळा. मी गेली की चारही वर्ग एकट्या मॅडमवर. आणि तिथं जाऊन आमचं ऐकतं तरी का कोणी?"

मी रस्त्यावर उत्तर दिलं नाही. माध्यमिक शाळेत शिकवत होतो तेव्हा मीही एका समितीवर बसलो आहे, आणि तो अनुभव दोन वाक्यांत सांगण्यासारखा नाही. म्हणून हा भाग.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम ३४ मध्ये राज्य सल्लागार परिषदेची तरतूद आहे. सदस्य जास्तीत जास्त पंधरा. कोण? तर प्राथमिक शिक्षण आणि बालविकास या क्षेत्रातलं ज्ञान आणि प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्ती. काम काय? कायद्याची अंमलबजावणी नीट कशी होईल याबद्दल राज्य सरकारला सल्ला देणं. आता हे शब्द पुन्हा वाचा. 'प्रत्यक्ष अनुभव' आहे, पण आज वर्गावर शिकवणारा शिक्षक त्यात असलाच पाहिजे, असं कलमात नाही. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, संस्थाचालक, सगळे त्या व्याख्येत बसू शकतात. आणि सल्ला तो सल्लाच, सरकारवर बंधन नाही.

कोणी म्हणेल, शिक्षकांचे आमदार आहेत की! आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षक निवडून देतात. महाराष्ट्रात ७८ पैकी ७. आपल्या नागपूर विभागातून फेब्रुवारी २०२३ मध्ये सुधाकर अडबाले निवडून आले, त्याआधी नागो गाणार होते. जुनी पेन्शन हा त्या निवडणुकीतला मोठा मुद्दा होता, आठवत असेल. पण मेख अशी आहे की मतदार फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांमधले शिक्षक. पहिली ते चौथी शिकवणाऱ्या या बाईंना त्या निवडणुकीत मतच नाही! उलट उमेदवार मात्र शिक्षकच असावा अशी अट नाही. मी स्वतः अनेकदा मत दिलंय, आणि दर वेळी शाळेच्या प्राथमिक विभागातल्या सहकाऱ्यांसमोर जरा ओशाळल्यासारखं व्हायचं.

म्हणजे बाईंसारख्यांना समितीचाच दरवाजा उरतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. सरकारी धोरणावर जाहीर टीका केली की नोटीस येऊ शकते. जे पेपरात लिहिता येत नाही ते समितीच्या टेबलावर अधिकृतपणे बोलता येतं. मला तरी जाण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं.

आणि वर्गातला माणूस टेबलावर नसला की काय होतं, ते आपण विदर्भात भोगलंय. एप्रिल २०२५. पहिली ते नववीच्या परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. हेतू वाईट नव्हता. परीक्षा लवकर उरकल्या की उरलेले दिवस पोरं शाळेत येत नाहीत, हे खरंच आहे. पण एप्रिलच्या शेवटी नागपूरचं ऊन काय असतं हे मुंबई-पुण्यात बसून कसं कळणार? आपल्याकडं पत्र्याच्या वर्गात दुपारी बारा वाजता पोराच्या हातातला पेन घामानं निसटतो. जूनमध्ये विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात हे शासनाला वर्षानुवर्षं मान्य आहे. मग एप्रिलचा विचार वेगळा का नाही? शिक्षकांनी आरडाओरड केली, पण वेळापत्रक निघाल्यावर. तसंच २०२४ मध्ये शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. हरकती-सूचनांची मुदत ३ जून. म्हणजे शिक्षक सुटीत, शाळांना कुलूप.

शिक्षकानं धोरणकर्त्यांपुढं बोलणं आपल्याकडं नवीन नाही हो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण, शिक्षक कोण असावेत, त्यांचा पगार, सगळं त्यात होतं. त्यांनी १८४८ पासून शाळा चालवल्या होत्या, म्हणून ते बोलणं हवेतलं नव्हतं. पण लक्षात घ्या, ते साक्षीदार होते, आयोगाचे सदस्य नव्हते.

आता माझा अनुभव. कोणती समिती ते सांगत नाही. पत्र मुख्याध्यापकांकडं आलं, बैठकीच्या दोन दिवस आधी. विषयपत्रिका हातात पडली ती सभागृहात. पहिल्या बैठकीत मी पुष्कळ बोललो, सगळ्यांनी माना हलवल्या, चहा झाला. इतिवृत्त आलं तेव्हा त्यात माझ्या बोलण्याचं एक अक्षर नव्हतं, 'सर्वानुमते मान्य' एवढंच. खूप लागलं मनाला. पुढच्या बैठकीला मी बोलणं कमी केलं आणि माझं म्हणणं एका पानावर लिहून नेलं, सही करून, दोन प्रती. एक दिली, दुसरीवर पोच घेतली. भिन्नमत म्हणून नोंदवा, असं स्पष्ट म्हणालो. अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली, पण नोंद झाली. निर्णय काही बदलला नाही, हेही सांगून टाकतो.

मग उपयोग काय? बघा, माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये 'माहिती'ची व्याख्या आहे, तीत मतं आणि सल्लेसुद्धा येतात. आणि कलम ४ प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयानं आपल्या सल्लागार समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघता येतं का, हे स्वतःहून जाहीर करायचं असतं. म्हणजे कागदावर आलेलं मत उद्या कोणताही पालक मागू शकतो. तोंडी बोललेलं मात्र सभागृहातच राहतं.

काल बाईंना फोन केला. म्हटलं, जा, पण तीन गोष्टी लेखी मागा: विषयपत्रिका आठ दिवस आधी, भिन्नमताची नोंद, आणि बैठकीच्या दिवसांसाठी तुमच्या शाळेत बदली शिक्षक. तिसरी मिळाली नाही तर मात्र दहा वेळा विचार करा.

त्या म्हणाल्या, "तिसरीच आधी मागते, सर." अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत पाठवला आहे. उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतोच.