पिंजऱ्यापायी संकटात सापडलेली हिरवी मुनिया

मोठ्या शहरांतील पक्ष्यांच्या बाजारात, पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या चिमुकल्या मुनिया पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांत एखादी हिरवी दिसलीच, तर ती रंगवलेली असण्याचा संभव बराच! साध्या मुनियांना हिरव्या-पिवळ्या रंगाने माखून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याची विक्रेत्यांची युक्ती जुनीच आहे. जुनी पिसे गळून नवी आली, की सोंग उघडे पडते.

खरी हिरवी मुनिया जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीची. पाठ हिरवी, पोट पिवळे, कुशीवर काळे-पांढरे पट्टे आणि चोच लालचुटूक. आवाज बारीक, पण गोड. ही मूळची फक्त भारतातलीच. राजस्थानातील अबूचा पहाड हे तिचे ठळक ठिकाण. गुरुशिखराच्या आसपासच्या गावांत, शेताच्या कडेला, घाणेरीच्या जाळ्यांजवळ तिचे थवे गवताचे बी टिपताना दिसतात. मध्य भारतातही ती तुरळक आढळते. उंच गवतात किंवा उसाच्या फडात ती घरटी बांधते, तीही पुष्कळदा शेजारी शेजारी.

या कुळातल्या मुनियांना इंग्रजीत ‘अवडवट’ म्हणतात. हा शब्द चक्क अहमदाबादचा अपभ्रंश आहे! पूर्वी तेथून हे पक्षी परदेशी जात. हिरव्या मुनियेलाही परदेशातल्या शौकिनांनी एकोणिसाव्या शतकापासून मागणी लावली. थव्याने राहण्याची सवय तिच्या मुळावर आली. पिंजऱ्यातली मुनिया आमिष म्हणून ठेवली, की जाळ्यात एकदम अनेक सापडतात. त्यात गवताळ जागा शेतीखाली गेल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद ‘असुरक्षित’ पक्ष्यांत केली आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९०-९१ पासून तर सर्वच देशी रानपक्ष्यांना पकडण्यावर व विकण्यावर बंदी आहे. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. कारण गिऱ्हाईक आहे. काही जण हौसेने मुनिया घेतात, तर काही पुण्य लागावे म्हणून पिंजराच विकत घेऊन पक्षी उडवून देतात. विक्रेत्याला दोन्ही गिऱ्हाइके सारखीच. रिकाम्या पिंजऱ्यासाठी रानात पुन्हा जाळे लागते. आणि सोडलेली मुनिया? अशक्त झालेली, आपल्या मुलखापासून दूर, पुष्कळदा त्याच बाजाराच्या आसपास पुन्हा पकडली जाते.