अठरा वर्षे पूर्ण न झालेले विद्यार्थी आणि महाविद्यालयाची जबाबदारी : गैरसमज व वस्तुस्थिती

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांचे वय प्रवेशाच्या दिवशी 18 पूर्ण झालेले नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी 27 सप्टेंबर 2011 रोजी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात सर्वत्र आढळते त्याप्रमाणे या दोन जिल्ह्यांतही एकाच आवारात, एकाच प्राचार्यांच्या देखरेखीखाली कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय भरते. तंत्रनिकेतन आणि आयटीआयमध्ये तर दहावी झालेली पंधरा-सोळा वर्षांची मुलेही येतात. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती अशा तालुक्यांतील विद्यार्थ्याला शिक्षणासाठी गाव सोडावे लागते. तो शासकीय आदिवासी वसतिगृहात राहतो किंवा चार जणांत भाड्याची खोली घेतो. आईवडील शंभर-दीडशे किलोमीटर दूर असतात आणि अनेक गावांत फोन लागेलच याची खात्री नसते. अशा वेळी त्याच्या अवतीभवतीची मोठी माणसे म्हणजे गृहपाल, प्राध्यापक, लिपिक, खानावळवाले आणि घरमालक. या मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे कायदे स्पष्ट आहेत. तरीही त्यांच्याबद्दलचे गैरसमज महाविद्यालयांत घट्ट रुजलेले आहेत.

‘कॉलेजात आला म्हणजे मोठा झाला’ हा त्यांतला सर्वांत जुना. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या ‘बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम’, म्हणजे पोक्सो कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे. ती कोणत्या इयत्तेत आहे, मुलगा आहे की मुलगी, विवाहित आहे की अविवाहित, याने फरक पडत नाही. लग्न झालेल्या विद्यार्थिनीबाबतचा उरलासुरला अपवाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 च्या निकालाने संपवला. 18 वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच ठरतो. अत्याचार करणारा शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातला किंवा कर्मचारीवर्गातला असेल, तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो आणि शिक्षाही वाढते. शैक्षणिक संस्था म्हटले की त्यात महाविद्यालयही आले.

वय ठरवताना आधार कार्ड पुढे केले जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधार हा जन्मतारखेचा पुरावा नसल्याचे स्पष्ट केले. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 94 नुसार आधी शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी करायची. दुर्गम गावांत गुरुजींनी दाखल करताना अंदाजाने 1 जून ही जन्मतारीख टाकलेली अनेक मुले आजही आढळतात. म्हणूनच मुलगी थोराड दिसते, ती अठराची असणारच, असा तर्क कोणत्याही कार्यालयाने करू नये.

सर्वांत घातक समज असा, की आधी संस्थेने आपल्या पातळीवर चौकशी करावी आणि खात्री पटली तरच पोलिसांना कळवावे. पोक्सोच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्याला वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. खरेखोटे ठरवणे हे कळवणाऱ्याचे काम नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. चांगल्या हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

हा नियम किती खरा आहे, हे चंद्रपूर जिल्ह्यातीलच एका प्रकरणाने देशाला दाखवले. एप्रिल 2019 मध्ये राजुरा येथील एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील लहान आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. तपासात 17 अल्पवयीन मुलींची नावे पुढे आली. त्या वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवरही, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा नोंदवण्यात आला. मुलींनी आपल्या जबाबांत त्याला सांगितल्याचा उल्लेख केला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो आदेश रद्दबातल ठरला. डॉक्टर दोषी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने त्या टप्प्यावर ठरवला नाही. तो खटल्यात ठरायचा होता. पण वेळेवर आणि योग्य रीतीने कळवणे हा या कायद्याचा कणा आहे आणि माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, हे न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत मांडले. उशीर झाला की वैद्यकीय पुरावा निघून जातो, मुलांवर दबाव येतो आणि त्याच छताखाली आणखी मुले बळी पडतात. प्रकरण शाळेच्या वसतिगृहाचे असले, तरी कलम 19 महाविद्यालयाच्या गृहपालालाही तेवढेच लागू आहे.

‘आमच्याकडे अंतर्गत तक्रार समिती आहे, तिच्याकडे अर्ज दिला’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक महाविद्यालयात हवी, आणि प्रौढ विद्यार्थिनी व महिला कर्मचाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे. तक्रारदार 18 वर्षांखालील असेल, तर पोलिसांना कळवण्याला समितीची चौकशी पर्याय ठरत नाही. ती 90 दिवस चालू शकते. कायद्याला तेवढी वाट पाहणे मान्य नाही. समितीने करायचे ते एवढेच, की मुलाला धीर द्यावा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला मुलापासून दूर ठेवावे आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. मुलाकडून पुन्हा पुन्हा सगळे वदवून घेऊ नये.

पालकांची तक्रार नाही किंवा गावाने मिटवले, म्हणून काही करता येत नाही, हेही खोटे आहे. कळवण्यासाठी पालकांची परवानगी लागत नाही. कित्येकदा गुन्हेगार घरातलाच असतो. हा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही. पेसा कायद्याने ग्रामसभेला परंपरा, जंगल आणि जमिनीबाबत मोठे अधिकार दिले आहेत आणि या दोन जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनी ते अभिमानास्पद रीतीने वापरले आहेत. पण लैंगिक गुन्ह्याचा निवाडा करून दंड ठरवण्याचा अधिकार त्यात नाही. तक्रार केली म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणाऱ्यांवर महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली कारवाई होऊ शकते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडित मुलगी आदिवासी असेल आणि आरोपी अनुसूचित जाती वा जमातीचा नसेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचीही कलमे लागतात.

प्रतिकार केला नाही, अंगावर खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, या समजाला या भूमीत वेदनादायक इतिहास आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोघांना निर्दोष सोडले. त्यानंतर दिल्ली आणि पुणे विद्यापीठांतील कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आज 18 वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नाही, त्यामुळे प्रतिकाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

सतरा वर्षांच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांनाही हाच कायदा लागतो. याबद्दल अनेक न्यायालयांनी चिंता व्यक्त केली आहे आणि ती रास्त आहे. तरी वयाची मर्यादा बदललेली नाही. गर्भवती अल्पवयीन मुलगी पोलिसांच्या भीतीने दवाखान्याऐवजी भोंदूकडे जाते, हा जंगलभागातला प्रत्यक्ष धोका आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वाट काढली. मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. वसतिगृहातील परिचारिका आणि गृहपाल यांना हे माहीत असायलाच हवे.

‘जबाबासाठी मुलीला ठाण्यात बसवून ठेवतात’ या भीतीने अनेकजण गप्प राहतात. कायद्याने ठरवलेली पद्धत अशी : जबाब मुलाच्या राहत्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिस मदत केंद्राभोवती सतत सशस्त्र जवान पाहणाऱ्या मुलांसाठी साध्या कपड्यांची ही अट फार मोठी आहे. त्याहून महत्त्वाची अट भाषेची. मुलाला समजत नसलेल्या भाषेत नोंद होत असेल, तर दुभाषी देणे बंधनकारक आहे. भामरागडच्या मुलीला माडिया, सिरोंच्याच्या मुलाला तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेऱ्यातील बंगाली वसाहतींतल्या मुलाला बांगला, यांची सोय मागणे हा हक्क आहे. शासकीय असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडिताला मोफत आणि तातडीने उपचार द्यायचे असतात. त्यासाठी आधी कागदपत्रे मागता येत नाहीत. नाव, फोटो, गाव किंवा महाविद्यालयाचे नाव माध्यमांत येऊन ओळख उघड होणे हाही गुन्हा आहे. सहानुभूती म्हणून व्हॉट्सअॅप गटांत तपशील फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुलगे यात येत नाहीत, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो : पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि वसतिगृहातील मुलग्यांचे शोषण बहुधा ‘मस्करी’ किंवा रॅगिंग या नावाखाली लपते. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा आहे. रॅगिंग करणारा स्वतः अठराखालील असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

प्रशिक्षणाचा मुद्दा चंद्रपुरात टाळता येणार नाही. कोळसा खाणींचा हा जिल्हा आहे. कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामावर ठेवता येत नाही. 16 वर्षांवरील प्रशिक्षणार्थींना योग्य देखरेखीखालीच परवानगी मिळू शकते. त्यामुळे तंत्रनिकेतनाने विद्यार्थ्यांना खाणीवर पाठवण्यापूर्वी वयांची यादी तपासणे हे कर्तव्य आहे.

शेवटचा समज असा, की संरक्षण म्हणजे मुलींना लवकर कोंडणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनी सुरक्षेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांत मुलग्यांपेक्षा वेगळे जाचक नियम लावण्यास स्पष्ट मनाई केली आहे. राजुऱ्यातील अत्याचार बाहेर नव्हे, कुलपाच्या आत घडले. खरे संरक्षण कर्मचाऱ्यांच्या पोलिस पडताळणीत आहे. 2020 च्या पोक्सो नियमांनी मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांना ती ठरावीक काळाने करायला सांगितली आहे, आणि त्यात स्वयंपाकी, पहारेकरी व वाहनचालकही येतात.

प्रत्येक प्राचार्यांनी आणि गृहपालांनी या सत्राच्या प्रवेशयादीतून अठरा पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्यांची नावे वेगळी काढावीत. बालकांसाठीचा 1098 आणि आपत्कालीन मदतीचा 112 हे क्रमांक मराठीसोबत माडिया, गोंडी आणि तेलुगूतही वसतिगृहाच्या दारावर लावावेत. काही कानावर आले, तर त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. पीडित बालकाला मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधायचा असतो.